आषाढ सेल आणि टॅगसकट पडलेले सात कुर्ते : मदत हवी आहे

मंडळी, परवा कपाटात बुरशीचा वास आला म्हणून सगळे कपडे बाहेर काढले. कडुनिंबाचा पाला बदलायचा होता, निमित्त एवढंच. पलंगावर ढीग पडल्यावर लक्षात आलं, सात कुर्त्यांचे टॅगसुद्धा निघालेले नाहीत. शिवाय "बारीक झाल्यावर घालू" म्हणून घेतलेली एक जीन्स, आणि दोन वर्षांपासून ब्लाउजविना पडलेली मोरपंखी टसर. नवऱ्याने ढीग बघितला, काही बोलला नाही, पंखा एकवर होता तो चारवर करून गेला.

टॅग जमवून बेरीज केली तर ११,३४० रुपये. सगळं सेलमध्ये घेतलेलं, म्हणजे "वाचवलेले" पैसे.

मी डोंबिवलीला राहते, शाळेत शिकवते. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढ जुलैच्या मध्यावर गेलाय, पण दुकानांना पंचांगाशी काय घेणं, फडके रोडवर जूनपासूनच पाट्या लागल्यात. आषाढात लग्नाचे मुहूर्त नाहीत, गिऱ्हाईक थंड, आणि श्रावणाआधी जुना माल हलवायचा, हे दुकानदाराचं गणित मला कळतं. माझं गणित मात्र दुकानात शिरलं की चुकतं.

"सेलला जाऊच नका" असं कृपया सांगू नका. मार्गशीर्षात भाच्याचं लग्न आहे. मला एक साडी, आहेराच्या दोन साड्या, आणि शाळेसाठी तीन सुती कुर्ते हवेत. बजेट १२,०००, एक रुपया जास्त नाही. सेलमध्ये हे बसू शकतं.

मी घसरते कुठे तेही सांगते. मागच्या वर्षी बिल ३,२०० झालं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, पाच हजारांवर हजाराचं व्हाउचर आहे, अठराशेचं काहीतरी घेऊन टाका." घेतला १,८५० चा पलाझो सेट. व्हाउचर घरी येऊन वाचलं : पुढच्या महिन्यात, किमान अडीच हजारांच्या खरेदीवर, सेलचा माल सोडून! दुसरी घसरगुंडी म्हणजे जाऊबाई. त्या बरोबर असल्या की "अगं घे गं, खुलतोय तुला, परत मिळणार नाही" हे वाक्य येतंच, आणि आलं की माझा हात पर्समध्ये. तिसरी गोष्ट, ७० टक्क्यांची पाटी दिसली की मला कपडा दिसतच नाही, टक्केच दिसतात.

यादी करा, बजेट ठरवा, हे मी मुलांनाही शिकवते. मला विचारायचंय ते हे : हँगर हातात आहे, जाऊबाई बाजूला उभ्या आहेत, त्या घटकेला तुम्ही नेमकं काय करता?

सुतावरून_स्वर्ग :
जाऊबाईंना घरी ठेवा. संपला प्रश्न.

काठपदर :
ताई, आमचं साडीचं दुकान होतं, वडिलांनी तीस वर्षं चालवलं. आतल्या गोष्टी सांगतो.

सेलची पाटी दारात, पण दारातल्या रॅकवर बहुतेक वेळा नवा माल, ज्यावर सूट नाममात्र. खरी सूट मागे, कट साइजच्या ढिगात. एखाद्या डिझाइनचे मधले साइज संपले आणि स्मॉल नि डबल एक्सएल उरले, ते आम्ही काढून टाकायचो. तुमचा साइज त्यात असेल तर तुमची चांदी. नसेल तर तो कपडा तुमच्यासाठी नाहीच, कितीही टक्के असू द्या. "थोडा अल्टर करून घेऊ" म्हणून घेतलेला कुर्ता अल्टर करायला कोणी नेत नाही.

टॅगवर बनवल्याचा महिना-वर्ष छापलेलं असेल तर ते बघा. वर्षभर जुना असेल तर खरंच उरलेला माल. गेल्याच महिन्यातला असेल आणि "५० टक्के सूट" लिहिलं असेल, तर तो सेलसाठीच बनवलेला असण्याची शक्यता जास्त, आणि ती छापील किंमत कोणी कधी दिलेलीच नसते.

साडी पूर्ण उलगडायला लावा. सेल्समन कुरकुरेल, कुरकुरू द्या. रेशमी साडी एकाच घडीत महिनोन्महिने पडली की घडीवर विरते. उजेडाकडे धरून घडीच्या रेघा बघायच्या, मग पदर, मग काठाचा जोड.

आणि टक्क्यांचं : "५० अधिक २०" म्हणजे ७० नव्हे. २,००० चे हजार, हजाराचे आठशे. म्हणजे ६० टक्के. "दोनवर एक मोफत" यात स्वस्तातला मोफत जातो. १,६००, १,४०० आणि ९०० चे तीन घेतले तर ३,९०० ऐवजी ३,००० दिलेत, सूट पडली २३ टक्के. तीही तिन्ही हवे असतील तरच.

अंगणवाडी_ते_ऑफिस :
काठपदर, मस्त प्रतिसाद.

मी एकच करते. साडीची किंमत टॅगवरची धरतच नाही. आमच्याकडे फॉल-पिको दीडशे, अस्तराचा ब्लाउज आठशे. म्हणजे १,२०० ची साडी २,१५० ला पडते. हे साडेनऊशे आधी मोबाइलवर टाइप करायचे, मग साडीकडे बघायचं. निम्म्या साड्या तिथेच उतरतात. शिंपी तारीख पाळत नाही तो मनस्ताप वेगळाच, त्याला पैशात धरता येत नाही.

कुर्त्याला दुसरा प्रश्न : याच्याखाली घालायचं काय? लेगिंग, ओढणी विकत आणावी लागणार असेल तर ठेवून द्या.

कलम_दोन :
थोडं कायद्याचं. "सेलचा माल बदलून मिळणार नाही" ही पाटी आपलं मन बदललं तर चालते. माल सदोष निघाला तर चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. म्हणून बिल जपा, आणि पहिली धुलाई महिन्याच्या आत करा. रंग जातोय का, शिवण उसवतेय का, तेव्हाच कळतं. (टॅगसकट कपाटात ठेवण्याचा हा आणखी एक तोटा!) दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. काही ठिकाणी सूट दिल्यावर वर जीएसटी लावतात, तेव्हा बिल भरण्याआधी विचारा.

ऑनलाइन घेणार असाल तर "फक्त २ उरले" आणि उलटं चालणारं घड्याळ मनावर घेऊ नका. खोटी घाई दाखवणं हे २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला फसवून घ्यायला लावणाऱ्या युक्त्यांच्या) मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट नाव घेऊन बंद केलंय, तरी दिसतंच.

सुतावरून_स्वर्ग :
आता गंभीरपणे. मी कपडा काउंटरवर बाजूला ठेवायला सांगतो आणि समोर जाऊन चहा पितो. चहा संपेपर्यंत तो आठवला नाही तर तसाच घरी. काउंटरवाले आता ओळखतात, "साहेब, चहा?" म्हणून तेच विचारतात.

एक शंका मात्र राहिली. ती मोरपंखी टसर लग्नाला का चालत नाही?

मूळ धागाकर्ती :
सर्वांचे आभार, आणि उशिराबद्दल क्षमस्व, घटक चाचणीचे पेपर होते.

बुधवारी दुपारी एकटी गेले. गर्दी नव्हती, त्यामुळे साड्या उलगडायला कोणी नाही म्हणालं नाही. आहेराच्या दोन मिळाल्या, ९५० आणि १,१००. तिसरी आवडली होती, उजेडाकडे धरली तर घडीवर चक्क रेघ. काठपदर, तुमच्या वडिलांना नमस्कार. कुर्ता एकच घेतला, कट साइजच्या ढिगातून. बाकी दोन साइजात नव्हते आणि मी अल्टर करून घेण्याचं स्वप्न पाहिलं नाही. एका निळ्या बांधणीसाठी समोर जाऊन चहाही प्यायले. चहा फार वाईट होता, पण बांधणी आठवत राहिली, म्हणून ती अजून डोक्यात आहे. रविवारपर्यंत थांबते.

सुतावरून_स्वर्ग, तुमची शंका वाचून दहा मिनिटं गप्प बसले होते. टसर काढून अंगावर टाकली. नवरा म्हणाला, "ही नवीन?"

काल ब्लाउज शिवायला टाकला. शिंपीकाकांनी गणपतीनंतरची तारीख दिली आहे.