एकाचे ‘बलिदान’ की एकाचा ‘बळी’?

प्रश्न : ‘अनेकांना वाचवण्यासाठी एकाचे बलिदान देणे’ अशी शब्दयोजना नीतिविषयक लेखनात वारंवार आढळते. येथे ‘बलिदान’ हा शब्द योग्य आहे काय, की बळी, त्याग, आहुती यांपैकी एखादा अधिक नेमका ठरेल?

उत्तर : माझ्या मते योग्य नाही. मूळ संस्कृतात बलिदान म्हणजे देवतेला बली अर्पण करणे. परंतु आजच्या मराठीत आपण हुतात्म्यांचे बलिदान म्हणतो तेव्हा प्राण ज्याचे, ते देणाराही तोच असतो. ‘बळी’चे तसे नाही. बळी देणे, बळी घेणे, बळी जाणे, बळी पडणे या प्रत्येक प्रयोगात जबाबदारीचे माप वेगळे आहे. (शेतकऱ्याला आपण म्हणतो तो बळीराजा अर्थातच निराळा.)

1884 साली साउदॅम्प्टनहून सिडनीला निघालेली ‘मिन्योनेट’ ही शिडाची नौका बुडाली आणि चौघे जण एका लहान होडीत, अन्नपाण्याविना, भर समुद्रात अडकले. कप्तान डडली आणि स्टीफन्स यांनी आजारी पडलेल्या सतरा वर्षांच्या रिचर्ड पार्करला ठार मारले व उरलेल्यांनी त्याच्या मांसावर दिवस काढले. चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, त्या मुलाची संमतीही घेतली नव्हती. निकड हा खुनाचा बचाव होऊ शकत नाही, असे इंग्लंडच्या न्यायालयाने ठरवले; फाशीची शिक्षा मात्र पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली. या घटनेला ‘पार्करचे बलिदान’ म्हणणे म्हणजे त्याने कधीही न दिलेली संमती मरणोत्तर त्याच्या नावावर लिहिणे होय. त्याचा बळी दिला गेला.

याउलट 1860 च्या, 2024 पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेतील कलम 81 खालचे उदाहरण पाहावे. आगबोटीचा कप्तान, स्वतःचा काहीही दोष नसताना, वीस-तीस उतारू असलेल्या होडीवर आदळण्याच्या बेतात येतो. ते टाळण्यासाठी दिशा बदलली तर दोनच उतारू असलेली दुसरी होडी बुडण्याचा धोका असतो, मात्र ती कदाचित निसटूही शकते. दोघांना इजा करण्याचा हेतू नसेल आणि धोका पत्करण्याइतके संकट खरोखर मोठे असेल, तर तो अपराधी नाही. येथे ते दोघे दगावलेच, तर ‘बळी गेले’ म्हणता येईल. ‘बळी दिले’ म्हणता येणार नाही. तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी 1967 साली मांडलेल्या ट्रामच्या कोड्यात, पाच जणांकडे सुटलेली ट्राम एकाच्या रुळावर वळवली, तर तो एक बळी जातो असे म्हणावेसे वाटते. तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी याच कोड्याला दिलेल्या रूपात मात्र ट्राम थांबवण्यासाठी पुलावरील माणसाला खाली ढकलायचे असते, आणि तेथे जीभ आपोआप ‘देणे’कडे वळते.

‘आहुती’ला यज्ञाचा वास आहे, ती बाजूला ठेवावी.

पुरवणी शंका : मग ‘त्यजेदेकं कुलस्यार्थे’ (कुळासाठी एकाला सोडावे) या महाभारतातील वचनाच्या आधाराने ‘त्याग’ का चालू नये?

उत्तर : विदुराने हे वचन धृतराष्ट्राला ऐकवले ते दुर्योधनाला सोडून द्यावे म्हणून. मराठीतही ‘सीतेचा त्याग’ म्हणजे तिला दूर करणे. त्यात प्राण घेणे येत नाही. ‘बळी देणे’ या प्रयोगातही निषेध आधीच मिसळलेला असल्यामुळे, केवळ प्रश्न मांडायचा असेल तर ‘अनेकांना वाचवण्यासाठी एकाचा जीव घ्यावा काय’ असे सरळ लिहावे.