मदत हवी आहे: डब्यातल्या ट्यूनापायी डॉल्फिन मेले नाहीत हे कसं ओळखायचं?

नाशिकला कॉलेज रोडवर माझं छोटं सँडविचचं दुकान आहे. आठवड्याला दहा-बारा डबे ट्यूना लागतो. डब्यावर उडी मारणारा डॉल्फिन आणि 'डॉल्फिन सेफ', एवढंच. मासा कुठे पकडला, कशाने पकडला, काही नाही.

वाचून इतकं कळलं की पूर्व पॅसिफिकमध्ये यलोफिन ट्यूना डॉल्फिनच्या कळपाखालून पोहतो, म्हणून बोटी कळपालाच जाळ्याचा वेढा घालायच्या. त्यावरूनच अमेरिकेत १९९० साली या लेबलचा कायदा झाला. पण आपल्या हिंदी महासागरात डॉल्फिन अडकतात ते मुख्यतः गिलनेटमध्ये, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या सोडलेल्या जाळ्यात. मग त्या चित्रावर इथे किती भरवसा ठेवायचा?

पुरवठादाराला दोनदा विचारलं. "साहेब, माल एक नंबर आहे" हेच उत्तर. कंपनीला मेल केला, उत्तर नाही.

ताजा कुपा (म्हणजे ट्यूनाच) सुचवू नका. कसारा घाट चढेपर्यंत त्याची रया जाते आणि माझ्याकडे फ्रीझर एकच आहे. डबाच हवा, थोडा महाग चालेल.

लक्षद्वीपला स्किपजॅक जातीचा ट्यूना गळाने एकेक करून पकडतात, तसा डबाबंद माल नाशिक-मुंबईत कुठे मिळतो? आणि डब्यावर नेमकं काय लिहिलेलं असलं तर विश्वास ठेवायचा?