ऊर्ध्व, घरघर की आचके?

कोयनाकाठ: सोसायटीच्या फलकासाठी सीपीआरची, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून जीव वाचवण्याची, माहिती मराठीत करते आहे. हृदय अचानक बंद पडल्यावरही पहिली काही मिनिटं माणूस मधूनमधून तोंड उघडून श्वास ओढताना दिसू शकतो. तो खरा श्वास नव्हे, छाती दाबायलाच हवी. याला काय म्हणावं? मी 'ऊर्ध्व लागणे' लिहिलं, भाऊ म्हणतो चालणार नाही.

वऱ्हाडी: भाऊ बरोबर आहे. ऊर्ध्व लागला म्हटलं की आमच्याकडे तोंडात गंगाजल घालतात. म्हणजे प्रयत्न संपले. शिवाय बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालणं घातकच. 'आचके देणे' लिहा.

शब्दवेडा: आयुर्वेदात श्वास या विकाराचे पाच प्रकार आहेत: महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक, क्षुद्र. इतका जुना, नेमका शब्द टाकू नका.

सुलूताई: मी परिचारिका आहे. आचके म्हटलं की नातेवाइकांना फिट वाटते, मग कांदा हुंगवतात. 'घरघर'ही नको, घोरल्यासारखा आवाज ऐकून 'श्वास चालू आहे' असं समजतात आणि नुसतं बघत बसतात. शब्दच नको, सरळ लिहा: हलवून हाक मारली तरी उठत नाही, श्वास नेहमीसारखा नाही. लगेच 108 ला फोन, आणि छातीच्या मधोमध 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबा. शॉकचं यंत्र जवळपास असेल तर कुणाला तरी आणायला पिटाळा.

शब्दवेडा: निदान सीपीआरला 'हृदय-फुफ्फुस पुनरुज्जीवन' म्हणा.

वऱ्हाडी: घाबरलेल्या माणसाच्या तोंडी ते येणार नाही. 'छाती दाबा' पुरे.

गिरगावकर: खरा गोंधळ हृदयविकाराच्या 'झटक्या'चा आहे. 2021 च्या युरो फुटबॉल स्पर्धेत कोपनहेगनला डेन्मार्कचा खेळाडू क्रिस्टियन एरिक्सन मैदानात कोसळला, तेव्हा आमच्याकडे सगळे 'झटका आला' म्हणत होते. झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, माणूस बहुधा शुद्धीत असतो, छातीत दुखतंय म्हणून सांगतो. एरिक्सनचं हृदयच थांबलं होतं. तिथेच छाती दाबली, शॉक दिला. पुढे तो पुन्हा खेळला. याला 'हृदय बंद पडणे' म्हणा.

शब्दवेडा: बंद पडतं ते यंत्र. 'हृदयस्तंभ' म्हणा.

सुलूताई: मला 'बंद पडणे'च हवं. ऐकणाऱ्याला वाटतं, परत चालू करता येईल. 'हार्ट फेल झालं' म्हटलं की रडायलाच लागतात.

वऱ्हाडी: आणि डॉक्टरांचं हार्ट फेल्युअर आणखी वेगळं! त्यात हृदय थांबत नाही, कमजोर पडतं. सासऱ्यांच्या फाइलवर तेच वाचून घरात रडारड झाली. ते मात्र औषधांवर रोज बाजारात जाऊन येतात. त्याला मराठीत काय म्हणता?