अनुभव धागा : सभागृहात घाईने झालेले कायदे आणि दारात थांबलेले प्रश्न

एप्रिल २०१६ मध्ये मी लातूरला होतो. नळाला शेवटचं पाणी कधी आलं, हे घरात कुणालाच नीट आठवत नव्हतं. टँकर आला की आई आधी पिंप भरायची, मग घागरी, आणि शेवटी स्वयंपाकाची पातेलीसुद्धा. मार्चमध्येच पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लागली होती. पाणी भरायला पाच माणसं जमली तर गुन्हा, ही वेळ शहरावर आली होती. मग मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर. ती गाडी बघायला मी पहाटे स्टेशनावर गेलो होतो. शेजारी उभे असलेले एक आजोबा रडत होते.

त्याच दिवसांत मुंबईत विधिमंडळाने डान्सबारसाठी नवा कायदा एकमताने मंजूर केला. या विषयावरची ही पहिली खेप नव्हती. २००५ मध्ये बंदी आली, २०१३ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, २०१४ मध्ये कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली, आणि २०१६ मध्ये हा नवा कायदा. अकरा वर्षांत तीन वेळा. दुष्काळावर सभागृहात कुणी बोललंच नाही असं मी म्हणणार नाही, भाषणं झाली. पण ज्या विषयावर सगळ्या पक्षांचे हात एकत्र वर गेले तो विषय आमच्या पिंपातल्या पाण्याचा नव्हता, हे मला आजही सलतं.

तुमच्या वाट्याला असं काही आलं असेल तर इथे लिहा. पक्ष कुठला, सरकार कुणाचं, यात जाऊ नका. या वर्षांत सगळेच सत्तेत बसून गेले आहेत. तुम्ही स्वतः काय पाहिलं तेवढंच सांगा.

*

दादा, त्याच कायद्याची दुसरी बाजू मी जवळून पाहिली आहे. २००५ साली बंदी आली तेव्हा आमच्या चाळीत अशा बारमध्ये नाचणारी एक बाई राहायची. दोन मुलं, आणि नवऱ्याचा पत्ता नाही. कायद्याच्या नावात पुढे ‘महिलांच्या प्रतिष्ठेचे संरक्षण’ असे शब्द आले. तिच्या प्रतिष्ठेचं काय झालं ते सांगते. चार महिन्यांत खोलीचं भाडं थकलं आणि थोरल्या मुलीची शाळा सुटली. तिला दुसरं काम मिळवून द्यायला सरकारचं कुणी आलेलं मी पाहिलं नाही. एका रात्री ती मुलांना घेऊन निघून गेली. जाताना माझ्याकडे शिलाई मशीन ठेवून गेली, परत येऊन नेते म्हणाली होती. मशीन अजून माझ्याकडेच आहे.

*

मी मूळचा कोकणातला, गणपतीला आणि शिमग्याला दरवर्षी गावी जातो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल कोसळला आणि दोन एसटी बस पुरात गेल्या. आम्ही सगळे टीव्हीसमोर बसून होतो, कारण आमच्या आळीतला एक मुलगा त्या रात्री मुंबईला निघाला होता. तो वेगळ्याच गाडीत होता, वाचला. त्या दोन गाड्यांतल्या माणसांचा नदीकाठी शोध चालू असतानाच, त्याच आठवड्यात, अधिवेशन संपता संपता आमदारांच्या वेतनवाढीचं विधेयक चर्चेविना मंजूर झालं. लोकप्रतिनिधीला पगार पुरेसा हवा, हे मला मान्य आहे. पण तो आठवडा त्यासाठी नव्हता. बरं, काम होत नाही असंही नाही. सावित्रीवर नवा पूल पुढच्या पावसाळ्याआधी उभा राहिला. मनात आणलं तर वर्षभरात पूल होतो, आणि तो पूल ज्या मुंबई-गोवा महामार्गावर आहे त्याचं चौपदरीकरण २०११ पासून रखडतं.

*

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून थोडक्यात. २०२० मध्ये सर्व शाळांत मराठी सक्तीचा कायदा झाला. न शिकवणाऱ्या शाळेला एक लाखापर्यंत दंड. मराठी शिकवलीच पाहिजे, मी तेच करते आहे. पण माझ्या शाळेत चार वर्गांना आम्ही दोघी. एक जण जनगणना, निवडणूक किंवा प्रशिक्षणाला गेली की चारही वर्ग एका खोलीत. चौथीच्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही, कारण दुसरीत त्याच्याजवळ बसायला कुणाला वेळ नव्हता. शिक्षक भरला नाही म्हणून सरकारला दंड, असं कलम त्या कायद्यात नाही.

*

वरचं सगळं वाचलं. मी मंत्रालयात अनेक वर्षं टंकलेखनाचं काम केलं, आता निवृत्त आहे. एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. २०१६ च्या त्याच एप्रिलमध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदाही मंजूर झाला. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांसाठी तो फार मोलाचा आहे. आणि १९७२ च्या दुष्काळानंतर याच विधिमंडळाने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, तोही नुसती भाषणं न करता. पैसा कुठून आणायचा हे ठरवलं, त्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. माझ्या पगारातून तो दरमहा कापला जायचा आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माझी मावशी त्या दुष्काळात नाला बांधाच्या कामावर होती, सुकडी खाऊन.

त्याउलट जादूटोणाविरोधी विधेयक वर्षानुवर्षं या अधिवेशनातून त्या अधिवेशनात ढकललं गेलं. २० ऑगस्ट २०१३ ला या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला. चार दिवसांत निघू शकत होता तर आधी का नाही, हा प्रश्न मला फार काळ झोपू देत नव्हता.

*

काका, तुम्ही पैशाचं म्हणालात, मी नियमांचं सांगतो. शेतकरी आहे, मोसंबीची बाग होती. राज्याचा भूजल कायदा २००९ चा. अंमल सुरू झाला २०१४ मध्ये, आणि नियमांचा मसुदा आला २०१८ मध्ये. साठ मीटरपेक्षा खोल विहीर नको, असं त्यात आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. माझं पहिलं बोअर तीनशे फुटांचं, दुसरं साडेपाचशे, तिसरं आठशे, आणि तिसऱ्यात धूळच निघाली. तिन्ही वेळा मला कुणी अडवलं नाही. अडवायला हवं होतं, मलाही आणि शेजाऱ्यालाही, एकाच दिवशी. एकट्याने थांबणं कुणालाच परवडत नाही, म्हणून तर कायदा लागतो. तहसीलला दोनदा विचारून आलो. या कायद्याखाली कुणाकडे तक्रार करायची ते तिथे कुणाला सांगता आलं नाही.

बाग मागच्या उन्हाळ्यात तोडली. हे लिहितोय तेव्हा बांधापलीकडे बोअरची गाडी लागली आहे. संध्याकाळपासून चालू आहे, अजून पाणी लागल्याचा आवाज आलेला नाही.