मदत हवी आहे : नवा कॉकटील हात दिसला की फिस्कारतो

नमस्कार मंडळी,

आम्ही डोंबिवलीला राहतो. वन बीएचके, घरात आम्ही तिघं आणि सासूबाई. लेकीच्या हट्टापायी मागच्या महिन्यात कॉकटील (तुरेवाला छोटा परदेशी पोपट) आणला. अंगाने पिवळा, गालांवर केशरी गोल. दुकानदार म्हणाला लुटिनो (म्हणजे पिवळ्या रंगाचा प्रकार) आहे, आठ-नऊ महिन्यांचा आहे. खरंखोटं त्याला ठाऊक. उडून जाऊ नये म्हणून पंख कातरूनच दिलाय.

आपण लांब बसलो की स्वारी मजेत असते, शिट्ट्या मारते. पण हात आत गेला रे गेला की तुरा डोक्याला चपटा चिकटतो, मान लांब होते, फिस्कारणं सुरू आणि मग मागच्या कोपऱ्यात जाळीला लटकून बसायचं. पाण्याची वाटी बदलणं म्हणजे रोजची लढाई. त्यात मध्येच कधीतरी रात्री पिंजऱ्यात जोरात फडफड होते. दिवा लावून बघावं तर हा तळाला, धापा टाकतोय.

खाण्यात फक्त सूर्यफुलाच्या बिया. राळे, बाजरी चोचीने खाली उडवतो. कोथिंबिरीला घाबरतो!

अहो आणि दुकानदार यांचं एकमत आहे की टॉवेलने धरायचा, दमेपर्यंत हातात ठेवायचा, आपोआप माणसाळतो. मला ते बघवत नाही, पण उलट सांगायला माझ्याकडे काही ठोस नाही. शेजारचे काका तर "पोपट पाळणं गुन्हा आहे, वनखात्याचे लोक येतील" म्हणून रोज घाबरवतात. पिंजरा हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे, स्वयंपाकघर आणि देव्हारा दोन्ही तिथून हाताच्या अंतरावर. जागाच तेवढी आहे.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद (भटक्या)

काकांचं अर्धं बरोबर आहे. आपला हिरवा देशी पोपट, गळ्याला गुलाबी पट्टा असलेला, तो पाळायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार बंदीच आहे. चौकाचौकात पिंजरे दिसतात म्हणून ते कायदेशीर होत नाही. कॉकटील ऑस्ट्रेलियातला, इथे मिळतात ते पिंजऱ्यातच जन्मलेले. आफ्रिकन ग्रे, मकाव, कोन्युअर या परदेशी पोपटांची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कॉकटील त्या यादीत नाही. तरी दुकानाची पावती जपून ठेवा.

प्रतिसाद (शेवग्याची शेंग)

ताई, टॉवेल कपाटात ठेवा. तो डॉक्टरकडे नेताना किंवा नखं कापताना लागेल. घट्ट धरल्यावर पक्षी थोड्या वेळाने शांत होतो ना, तो माणसाळत नाही, सुटका नाही हे कळल्यावर गप्प पडतो. दुसऱ्या दिवशी हात दिसला की दुप्पट घाबरतो. आणि पंख कातरलेले, म्हणजे त्याचा पळून जायचा मार्ग आधीच बंद. मग फिस्कारण्याशिवाय त्याच्याकडे उरतं काय? त्याच्या फिस्कारण्याला मान द्या. ते ऐकून तुम्ही मागे सरलात तर चावायची वेळ येत नाही.

सूर्यफूल आवडतं हे तुमच्या फायद्याचं आहे. ते वाटीतून हळूहळू कमी करत पूर्ण काढा आणि फक्त हातातून द्या. आधी नुसतं पिंजऱ्याजवळ बसायचं, तेही थोडं तिरकं. टक लावून समोरून बघू नका, शिकारी तसं बघतात. लेकीला तिथेच बसून धडा मोठ्याने वाचू दे. जाता-येता एक बी वाटीत टाकायची आणि निघून जायचं, थांबायचं नाही. तो तुमची वाट बघायला लागला की जाळीतून बी धरा. बोटांच्या टोकाला लांब धरा, म्हणजे त्याला चोच पुढे काढून घेता येईल. त्यानंतर दार उघडून तळहात दाराशीच स्थिर ठेवायचा. आत न्यायचा नाही. त्याने यायचं.

नजर तुऱ्यावर ठेवा. अर्धवट उभा, टोक मागे झुकलेलं म्हणजे ठीक चाललंय. ताठ उभा म्हणजे दचकलाय किंवा कुतूहल आहे. चपटा व्हायला लागला की फिस्कारायच्या आधीच हात मागे. एका पायावर बसून चोच करकर घासत असेल तर समजा साहेब खूश आहेत, झोपायच्या बेतात आहेत.

वाटी बदलायला बाहेरून सरकणारी वाटी मिळते, ती आणा. रोजची लढाईच बंद.

प्रतिसाद (निशाचर)

रात्रीच्या फडफडीबद्दल. कॉकटीलमध्ये हे नेहमीचंच, लुटिनोंमध्ये जास्त असं पाळणारे सांगतात. अंधारात पाल सरकली, रस्त्यावरून गाडीचा उजेड आला, की घाबरून उधळतात. झीरोचा बल्ब चालू ठेवा. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लावा, तिच्या शेजारच्या दोन बाजूंवर पातळ सुती कापड टाका. फडफड झाली तर हात न घालता मंद आवाजात बोला. आणि टीव्हीशेजारून हलवा हो, त्याला दहा-बारा तास झोप लागते, तुमच्या मालिका अकराला संपतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्वयंपाकघर. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतो, माणसाला वासही येत नाही. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, स्प्रे, सगळंच त्यांच्या फुप्फुसांना जड. सासूबाईंना सांगणं अवघड आहे हे समजतं. बेडरूमची खिडकी बघा. पिंजऱ्याबाहेर काढाल तेव्हा पंखा बंद, अपवाद नाही.

प्रतिसाद (मोकळं आकाश)

सोडून द्या बिचाऱ्याला. पुण्य लागेल.

प्रतिसाद (भटक्या)

कातरलेल्या पंखांनी, अन्न शोधायची सवय नसताना, डोंबिवलीत? संध्याकाळपर्यंत कावळ्यांनी फाडला असता. कातरलेली पिसं गळून नवी येतात, तेव्हा खिडक्यांना जाळी लावा. तोवर पिंजऱ्यातल्या बसायच्या काठ्या खालच्या उंचीवर ठेवा, पडला तर छातीवर आदळतो.

प्रतिसाद (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. भटक्यांचा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला, सध्या शांतता आहे. पिंजरा बेडरूममध्ये गेला. सासूबाईंनी अगरबत्ती बाल्कनीत लावायचं स्वतःहून कबूल केलं, "मुका जीव आहे" म्हणाल्या. अहोंना पटलेलं नाही, पण टॉवेल धुवायला टाकलाय.

एक शंका आहे. सूर्यफूल कमी केल्यावर हा उपाशी राहिला तर?

प्रतिसाद (शेवग्याची शेंग)

रास्त शंका. एकदम बंद करू नका, नवं अन्न ओळखता आलं नाही तर ते खरंच उपाशी राहतात. ग्रॅममध्ये वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या, छोट्या डब्यात बी टाकून त्यावर चढवा आणि रोज सकाळी खाण्याआधी वजन लिहा. साधारण ८० ते ११० ग्रॅम असतं. त्याच्या नेहमीच्या वजनाच्या दहा टक्के कमी झालं, किंवा पिसं फुगवून दिवसभर बसून राहिला, विष्ठा बदलली, तर पक्ष्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी. पक्षी आजार लपवतात, दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

पालेभाजी वाटीत ठेवू नका. शेवग्याचा पाला ओला करून जाळीला चिमट्याने लावा आणि त्याच्यासमोर तुम्ही स्वतः काहीतरी खा. थव्यातले पक्षी, एकमेकांचं बघून खातात. गाजर, लाल भोपळा किसून. अवोकाडो, चॉकलेट, चहा, कांदा आणि लेकीच्या हातातला फरसाण अजिबात नाही.