किनाऱ्याच्या पाण्याची तपासणी: जिवाणूंचे विकरही मोजावेत का?

भरतीओहोटी:
आंघोळीच्या किनाऱ्यांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जे निकष आहेत (एसडब्ल्यू-2 वर्ग), ते प्राणवायू, बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू), सामू, गढूळपणा आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू यांवर उभे आहेत. अभ्यासक त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट यांची भर घालतात. या सगळ्यातून पाण्यात काय शिल्लक आहे ते कळते, पण उलाढाल किती झाली ते कळत नाही. संध्याकाळी गल्ल्यात उरलेल्या रोकडीवरून दिवसभराची विक्री सांगता येत नाही, तसेच हे आहे.

जिवाणूच्या पेशीत साधारण 600 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) मोठा रेणू थेट शिरू शकत नाही, म्हणून तो पेशीबाहेरच विकरांनी, म्हणजे एन्झाइमांनी, कापावा लागतो. अल्कलाइन फॉस्फटेज सेंद्रिय रेणूंतून फॉस्फेट सोडवते, तर ल्युसीन अमिनोपेप्टिडेज प्रथिनांच्या साखळीच्या टोकाचे दुवे तोडते. फॉस्फेट मुबलक असले की बहुतेक जिवाणू फॉस्फटेजची निर्मिती आवरती घेतात. त्यामुळे हे विकर म्हणजे पाण्यातील जिवाणूंची भूक दाखवणारा काटा आहे, आणि गोव्यातील मांडवी-जुवारी नद्यांच्या मुखांवरील नियमित तपासणीत निदान या दोन विकरांचा समावेश व्हावा, असे माझे मत आहे.

काचनळी:
भुकेचा काटा ही उपमा आकर्षक असली तरी मोजणीच्या पद्धतीशी ती जुळत नाही. आपण नमुन्यात कृत्रिम द्रव्य घालतो, विकराने ते तोडले की चमकणारा भाग सुटतो आणि ती चमक आपण मोजतो. हे द्रव्य बहुधा 100 मायक्रोमोलरच्या (मायक्रोमोलर हे विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणाचे एकक) आसपास घातले जाते, आणि समुद्रातील विरघळलेला सेंद्रिय फॉस्फरस मात्र बहुतेक वेळा 1 मायक्रोमोलरच्याही आत असतो. मिळणारा आकडा विकराच्या कमाल क्षमतेचा असतो, प्रत्यक्ष समुद्रात चाललेल्या कामाचा नव्हे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. पावसाळ्यात गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात तळाशी प्राणवायू कमी असलेले थंड पाणी सरकत येते, आणि पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर झाकणासारखा वर बसल्याने त्याला हवा मिळत नाही. पुढे जिवाणूंमुळे नायट्रेटचा वायू होऊन ते संपत जाते, काही वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात हायड्रोजन सल्फाइडपर्यंत मजल जाते, आणि गाळात लोहाला चिकटलेले फॉस्फेट सुटून पाण्यात येते. नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे 16 ला 1 हे समुद्रातले नेहमीचे प्रमाण (रेडफिल्डचे प्रमाण) अशा वेळी खाली घसरते. म्हणजे तळाचे पाणी ज्या महिन्यात सर्वांत वाईट, नेमक्या त्याच महिन्यात तुमचा फॉस्फटेजचा काटा 'भूक नाही, सर्व ठीक' असे सांगेल.

भरतीओहोटी:
पहिला आक्षेप मला मान्य आहे, पण तोच न्याय बीओडीला का लावत नाही? पाणी बाटलीत बंद करून 27 अंश सेल्सिअसला 3 दिवस अंधारात ठेवायचे आणि जिवाणूंनी किती प्राणवायू खाल्ला ते पाहायचे, हीसुद्धा कृत्रिम परिस्थितीतली क्षमताच आहे. तरीही त्या आकड्यावर परवानग्या अडतात आणि मिळतात.

दुसऱ्या आक्षेपातील वर्णन अचूक आहे, मात्र त्यातूनच विकरांचे महत्त्व सिद्ध होते. समुद्रशास्त्रज्ञ नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात याच उथळ पट्ट्यात नायट्रस ऑक्साइड, म्हणजे नायट्रेटपासून नायट्रोजन होतानाच्या मधल्या पायरीवरचा वायू, मोठ्या प्रमाणात साचत असल्याचे मांडले. त्या वायूचा नायट्रोजन करणारे विकर प्राणवायूपुढे सहज नमते. शेवटच्या पायरीवरचा कामगार थांबला की मधला माल साचतो. विकराचा विचार न करता हे कोडे कसे सोडवणार?

काचनळी:
विचार जरूर करावा, पण चमकणाऱ्या द्रव्याने मोजली जाणारी तुमची दोन्ही विकरे त्या पायरीवर नाहीत. तुम्ही उदाहरण एका विकराचे देता आणि उपकरण दुसऱ्याचे मागता. शिवाय 1999 साली हॉपे आणि उलरिच या संशोधकांनी हिंदी महासागरात, मध्यम खोलीवर, भरपूर फॉस्फेट असतानाही फॉस्फटेज क्रियाशील असल्याचे दाखवले. ते जिवाणू फक्त फॉस्फेटसाठी नव्हे, तर कार्बनसाठीही रेणू तोडत असावेत. मग 'भूक' कशाची?

खाजणकाठ:
मी खाडीतले नमुने गोळा करण्याचे काम केले आहे, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. बीओडीचे तापमान आणि दिवस आपल्याकडे सगळीकडे सारखे धरले जातात. विकरांच्या बाबतीत द्रव्य किती घालावे, किती तास ठेवावे, तापमान समुद्राचे की प्रयोगशाळेचे, यावर प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. होडीतून जेटीवर, तिथून बर्फाच्या पेटीत टेम्पोने प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत पेशी फुटतात आणि आतले विकर पाण्यात मिसळते. तेव्हा एकाच प्रयोगशाळेचे, एकाच पद्धतीचे आकडे एकमेकांशी ताडता येतील. दोन जिल्ह्यांचे नाहीत.

भरतीओहोटी:
'काचनळी' यांनी उदाहरणाबाबत मला बरोबर पकडले. मग मागणी लहान करतो: निकषात समावेश नको. कांदोळीसमोर एकच ठिकाण, वर्षभर दर महिन्याला वरचे आणि तळाचे पाणी, मोजणी होडीवरच, आणि प्रत्येक नमुना 0.2 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून पुन्हा मोजायचा, म्हणजे पेशीला चिकटलेले विकर किती आणि मोकळे किती तेही वेगळे कळेल.

काचनळी:
याला माझा विरोध नाही. फक्त प्रत्येक नमुन्यासोबत फॉस्फेट आणि प्राणवायूही मोजावा, आणि अहवालात त्या आकड्याला 'क्षमता' म्हणावे, 'वेग' म्हणू नये.