कर्क्युमिनला ‘इनहिबिटर’ म्हणून प्रोजेक्टला देणं थांबवा

कृष्णाकाठ (सांगली): हळदीचा गाव म्हणून एमएस्सी बायोकेमिस्ट्रीला विषय ठरलेलाच: हळदीतलं पिवळं द्रव्य कर्क्युमिन हे अल्फा-ग्लुकोसायडेजला, म्हणजे कर्बोदकं तोडून ग्लुकोज सोडवणाऱ्या एन्झाइमला, रोखतं का, म्हणजे त्याचं ‘इनहिबिटर’ आहे का? हा विषय मुलांना देऊच नये. एन्झाइमने पीएनपीजी हे चाचणीचं रसायन तोडल्यावर निघणारं पिवळं नायट्रोफिनॉल आपण ४०५ नॅनोमीटरला मोजतो. कर्क्युमिन स्वतः ४२५च्या आसपास शोषतं, म्हणजे तिथेच. वर रिअ‍ॅक्शन थांबवायला सोडियम कार्बोनेट घातलं की हळदीत चुना पडावा तसं द्रावण लालसर. मग मोजलं काय, एन्झाइम की हळद?

मिरज_लॅब: इतकं टोकाला कशाला? प्रत्येक कॉन्संट्रेशनला एन्झाइम वगळून ब्लँक (जिचं मापन वजा करायचं ती नळी) लावा. पण तो ३७ अंशांवर तितकाच वेळ ठेवा. कर्क्युमिन बफरमध्ये विघटित होत जातं. ब्लँक ताजा असेल तर जास्त वजा होऊन नसलेलं इनहिबिशन दिसतं. कर्क्युमिन विरघळवायचं डीएमएसओ सगळ्या नळ्यांत सारखं, १ टक्क्याच्या आत. सोबत तुलनेला ॲकार्बोजचा, म्हणजे हेच एन्झाइम रोखणाऱ्या मधुमेहाच्या औषधाचा, कंट्रोल. झालं की!

कृष्णाकाठ: ब्लँकने रंग जाईल, गठ्ठे नाही जाणार. पाण्यात न विरघळलेल्या कर्क्युमिनचे सूक्ष्म कण जमतात आणि समोर येईल ते एन्झाइम त्यांना चिकटून निकामी होतं. तोच प्रयोग ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हे गठ्ठे मोडणारं डिटर्जंट घालून करा. इनहिबिशन गायब झालं, तर ते गठ्ठ्यांचं होतं. किती प्रोजेक्टमध्ये ही एक नळी लावलेली असते? मला याचाच राग येतो.

अजिंक्यतारा (सातारा): कंट्रोलमध्येही मेख आहे. बाजारात स्वस्त मिळणारं एन्झाइम यीस्टचं, आणि त्यावर ॲकार्बोज फार कमजोर पडतं. म्हणून ‘आमचा अर्क ॲकार्बोजपेक्षा सरस’ असले निष्कर्ष छापले जातात. उंदराच्या आतड्याची ॲसिटोन पावडर, म्हणजे सस्तन प्राण्याचं एन्झाइम, वापरा, चित्र पालटतं. इनहिबिटरची रचना शिकवायची असेल तर तुतीची पानं घ्या, आपल्याकडे रेशीमशेती आहेच. त्यातलं डीऑक्सीनोजिरिमायसिन ग्लुकोजसारखंच दिसतं, फक्त कड्यातल्या ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन आणि पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गायब. रंगहीन, पाण्यात विरघळणारं. मिग्लिटॉल हे औषध त्याच सांगाड्यावर बेतलेलं आहे.

मिरज_लॅब: तुती चांगली, पण पानांच्या अर्कात पॉलिफिनॉल येतातच, म्हणजे पुन्हा तोच रंग, तेच गठ्ठे. डीऑक्सीनोजिरिमायसिनसारखे रेणू क्षारधर्मी आहेत, तेव्हा ते आधी कॅटायन-एक्स्चेंज कॉलमवर धरून अमोनियाने सोडवावे लागतील. हे काम कर्क्युमिनपेक्षा सोपं नाही. ट्रायटनची अट मान्य. ती घालून हळद राहू द्या.

कृष्णाकाठ: मग विषयाचं नावच ‘कर्क्युमिनचं इनहिबिशन खरं की गठ्ठ्यांचं’ असं लिहा. तसं असेल तर माझी हरकत नाही.